मातीचा स्वभाव आणि डोंगरांतील घळी

विरारहून उत्तरेस निघालेली आगगाडी वैतरणेचा पूल ओलांडून सफाळें, केळवें रोड, पालघर, बोईसर अशी जाऊं लागली म्हणजे उजव्या हातास डोंगरांची एक रांग तिची सोबत करूं लागते. सफाळ्याच्या मागें तांदुळवाडीचा गड, पालघराच्या मागें काळदुर्ग आणि त्यांच्याहि पलीकडे मनोर, विक्रमगड, जव्हार असा पूर्वेकडे चढत गेलेला डोंगराळ मुलूख. श्रावणांत हे डोंगर इतके हिरवेगार असतात कीं, त्यांच्या अंगीं कांहीं दोष असेल अशी शंकाहि येऊं नये. परंतु फाल्गुन-चैत्रांत गवत वाळून गेलें, वणव्यांनीं उतार उघडे पडले, म्हणजे त्याच डोंगरांच्या अंगावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत तांबडे ओरखडे दिसूं लागतात. कांहीं ओरखडे बोटभर खोल असतात; कांहीं इतके खोल कीं, गुरें चारणारा पोर त्यांत उतरला तर वरून त्याचें डोकें दिसूं नये.

हे ओरखडे कशानें पडले असें कोणास विचारलें तर 'पावसानें' असें उत्तर तत्काळ मिळतें. तें उत्तर खोटें नाहीं, पण अर्धें आहे. पाऊस शेजारच्या दोन टेकड्यांवर सारखाच पडतो. उतारहि बहुधा सारखाच असतो. असें असतां एका टेकडीवर बैलगाडी मावेल एवढी घळ पडावी आणि दुसरीवर साधा ओघळहि असूं नये, हें कसें? या प्रश्नाचें उरलेलें अर्धें उत्तर मातींत आहे. माणसाप्रमाणें मातीसहि स्वभाव असतो. कोणती माती पाण्यापुढें टिकेल, कोणती कणाकणानें जाईल आणि कोणती एके दिवशीं एकदम ढासळेल, हें त्या स्वभावावर ठरतें. आणि उपाय योजावयाचा तो स्वभाव ओळखूनच योजावा लागतो. प्रस्तुत लेखांत एवढीच एक गोष्ट वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

ओघळ आणि घळ

जमिनीची धूप तीन पायऱ्यांनीं होते. पहिल्या पायरीस पाणी जमिनीचें पातळ साल काढून नेतें. बटाट्याचें साल काढावें तसें तें सर्वत्र सारखें निघतें, म्हणून वर्षानुवर्षें तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दुसऱ्या पायरीस सर्वत्र पसरलेलें पाणी जेथें थोडा सखल भाग मिळेल तेथें एकवटतें व बारीक ओघळ पाडतें. तिसऱ्या पायरीस त्याच ओघळांपैकीं एखादा इतरांचें पाणी आपल्याकडे ओढून घेतो, खोल होतो आणि त्याची घळ होते. दोहोंमधील भेद ओळखण्याची शेतकऱ्याची खूण सोपी आहे. नांगर फिरवून जो बुजतो तो ओघळ. नांगराच्या आवाक्याबाहेर गेली ती घळ.

घळ एकदां पडली म्हणजे ती जेथून सुरू झाली तेथेंच राहत नाहीं. पाणी खालीं वाहतें, परंतु घळ वर सरकते. तिच्या वरच्या टोकाशीं एक लहानशी उभी पायरी असते. तीवरून पाणी धबधब्यासारखें पडतें, पायाशीं खड्डा करतें, पायरीचा पाया पोखरतें आणि मग वरची कड तुटून खालीं येते. पुन्हा नवी पायरी, पुन्हा नवा धबधबा. घळीचें तोंड असें माथ्याकडे चढत जातें आणि वाटेंत शेत, पायवाट, झाड जें येईल तें खात जातें.

आतां पाण्याच्या अंगचें बळ किती तें पाहूं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झाला. या जिल्ह्यांत सामान्यतः दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. अडीच हजार मिलिमीटर म्हणजे अडीच कोटी लिटर. मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हां त्याचा वेग ताशीं सुमारें तीस किलोमीटर असतो. शिवाय वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर तें पूर्वींच्या चौसष्टपट वजनाचा दगड ढकलूं शकतें, असा भूगोलाच्या पुस्तकांतून सांगितला जाणारा एक स्थूल नियम आहे. म्हणून उतारावर पाण्याचा वेग थोडा वाढला तरी त्याची नेण्याची शक्ति फार वाढते. एवढ्या शक्तीपुढें मूठभर माती मुळींच कशी टिकते, याचेंच खरें आश्चर्य वाटावयास पाहिजे.

रवा, पिठी आणि कणीक

माती टिकते ती तिच्या घडणीमुळें. मातीचे कण तीन प्रकारचे असतात. वाळूचा कण डोळ्यांस दिसतो व बोटांस खरखरीत लागतो. पोयट्याचा कण पिठासारखा मऊ असतो. चिकणमातीचा कण तर मिलिमीटराच्या पांचशेंव्या भागाहूनहि बारीक असतो. गृहिणींना ही गोष्ट समजावयास स्वयंपाकघराबाहेर जावयास नको. रवा जड असतो, फुंकरीनें सहसा उडत नाहीं, पण त्याचे दाणे एकमेकांस धरीत नाहींत. तांदळाची पिठी हलकीहि असते आणि धरीतहि नाहीं. भिजवलेली कणीक मात्र नळाच्या धारेखालीं धरली तरी बराच वेळ गोळा मोडूं देत नाहीं. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचें पाण्याशीं वागणें सुमारें असेंच आहे. म्हणून ज्या मातींत पोयटा व बारीक वाळू अधिक आणि चिकणमाती थोडी, ती माती पाण्यास सर्वांत लवकर वश होते.

परंतु कणांच्या आकारावरच सगळें अवलंबून नाहीं. कण एकमेकांस कशानें बांधले आहेत, हेंहि पाहावें लागतें. तांबड्या मातींत लोहाचा गंज कणांस सांधतो. रानांतील मातींत कुजलेला पालापाचोळा, बारीक मुळें आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या बुरशीचे धागे हेंच काम करतात. सारवलेलें अंगण झाडतांना धूळ उडत नाहीं आणि न सारवलेलें उडतें, याचें कारण शेणांतील तंतु व चिकट द्रव्यें मातीस धरून ठेवतात. जंगलाची जमीन ही एका अर्थीं सृष्टीनें सारवलेली जमीन आहे. वणवा लागला, पाला गोळा करून नेला, गवताचीं मुळेंहि गेलीं, म्हणजे सारवण निघून जातें आणि उरते ती मोकळी भुकटी.

तिसरा गुण पाझराचा. जी माती पाणी पोटांत घेते तिच्या पाठीवरून पाणी कमी वाहतें. पण येथें एक अडचण आहे. वरचा थर पाणी भरभर पितो आणि खालचा पीत नाहीं, असें असेल तर पाणी दोहोंच्या सांध्यावर अडून आडवें चालूं लागतें व आंतल्या आंत माती पोखरतें. वरून जमीन शाबूत दिसते, खालीं पोकळी झालेली असते आणि एके दिवशीं छत बसतें. कित्येक घळींचा जन्म असा जमिनीच्या पोटांत झालेला असतो.

ग्रॅनाइटाच्या डोंगरांची कथा

मातीच्या थरांचा हा खेळ किती विकोपास जाऊं शकतो हें पाहावयाचें असेल तर ग्रॅनाइटाच्या डोंगरांकडे वळावें लागतें. आपल्याकडे सिंधुदुर्ग, नांदेडचा देगलूरकडील भाग आणि भंडारा-गोंदियाचा मुलूख येथें ग्रॅनाइट व त्याच्या जातीचे खडक आहेत. परंतु घळींविषयीं सर्वांत प्रसिद्ध झाले आहेत ते दक्षिण चीनमधील डोंगर.

ग्रॅनाइट हा तीन मुख्य द्रव्यांचा बनलेला असतो : फेल्स्पार, अभ्रक आणि स्फटिक म्हणजे आपली गारगोटी. उष्ण व पावसाळी हवेंत फेल्स्पार कुजून त्याची पांढुरकी चिकणमाती होते, अभ्रकाचीहि गत तशीच होते. गारगोटी मात्र कुजत नाहीं. ती वाळूच्या दाण्यांच्या रूपानें जशीच्या तशी राहते. अशा रीतीनें कित्येक ठिकाणीं डोंगर दहा-वीस मीटर व त्याहूनहि खोल कुजून गेलेला असतो. त्याचा मूळ आकार, त्याच्या फटी, सर्व कांहीं शिल्लक असतें, पण बोटांनीं दाबलें तर खडकाचा चुरा होतो.

या कुजलेल्या डोंगरांत वरून खालीं तीन थर असतात. वरचा तांबडा थर चिकणमातीचा व लोहानें सांधलेला, म्हणून बळकट. मधला थर वाळूसर, बंध थोडा, म्हणून अगदीं दुबळा. खालीं अर्धवट कुजलेला खडक. वरचें कवच शाबूत आहे तोंवर डोंगरास कांहीं होत नाहीं. परंतु झाडें तोडलीं, वाट खणली, पाण्यानें कवचास एक भोंक पाडलें, कीं पाणी मधल्या थरास लागतें. तो थर पटकन् वाहून जातो, वरचें कवच अधांतरीं राहतें आणि आपल्याच भारानें मोठमोठ्या दरडींनीं कोसळतें. चिनी लोक अशा घळींना 'बेंगगांग' म्हणतात. ढासळणारी टेकडी असा त्याचा भावार्थ. दक्षिण चीनमध्यें अशा घळी दोन लाखांहून अधिक मोजल्या गेल्या आहेत. हिंदी महासागरांतील मादागास्कर बेटावर याच जातीच्या घळींना 'लावाका' म्हणजे भोंक असें नांव आहे, आणि त्यांच्या मातीनें लाल झालेली बेत्सिबोका नदी अंतराळांतून पाहणाऱ्यांनाहि दिसते.

या कथेचें सार एवढेंच कीं, डोंगराचें बळ त्याच्या सर्वांत दुबळ्या थराइतकेंच असतें.

आमचा काळा पाषाण

आतां पुन्हा आपल्या डोंगरांकडे येऊं. पालघरचे डोंगर ग्रॅनाइटाचे नाहींत. ते सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनेंत पसरलेल्या लाव्ह्याचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे आहेत. या पाषाणांत गारगोटीचे दाणे नसतात. तो कुजला म्हणजे त्याची बहुतेक सगळी माती बारीक व लोहयुक्त होते. म्हणून आमची डोंगरमाती तांबडी-तपकिरी आणि ग्रॅनाइटाच्या वाळूसर मातीपेक्षां स्वभावतः अधिक धरून राहणारी असते. यामुळें बेंगगांगाएवढे अजस्र खड्डे आपल्याकडे सहसा दिसत नाहींत.

परंतु म्हणून निश्चिंत राहण्याचें कारण नाहीं. आमच्या डोंगरांतहि थर आहेत आणि त्यांतहि दुबळे थर आहेत. लाव्हा एकाच वेळीं आला नाहीं. तो थरावर थर असा आला. कांहीं थर घट्ट कातळाचे, कांहीं बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेले व लवकर कुजणारे, आणि कांहीं ठिकाणीं दोन थरांमध्यें गेरूसारखा तांबडा चिकण पट्टा. ओला झाला म्हणजे हा पट्टा मऊ पडतो, झिजतो. वरचा कातळ मग ओठासारखा पुढें येतो आणि तुटतो. कातळ जेथें कुजतो तेथें कांद्याचे पापुद्रे सुटावे तसा गोल गोल सुटत जातो. मध्यें कठीण गोटा उरतो व भोंवतीं मुरूम होतो.

मुरुमाचा स्वभाव फसवा आहे. त्याचे खडे एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून कोरडा असतां तो भिंतीसारखा उभा कापला तरी उभा राहतो. रस्त्याच्या कडेस कापलेली मुरुमाची दरड पाहून ती किती बळकट आहे असें वाटतें. ती बळकट दिसते तोंवर कोरडी असते, इतकेंच. केळव्याच्या किनाऱ्यावर मुलें वाळूचे किल्ले करतात, तें वाचकांनीं आठवावें. अगदीं कोरड्या वाळूचा बुरूज उभा राहत नाहीं. किंचित् ओल्या वाळूचा उत्तम राहतो. आणि लाटेचें पाणी वाळूंत भरलें कीं तोच बुरूज एका क्षणांत बसतो. किंचित् ओल असतां कणांमधील पाणी कणांना एकमेकांकडे ओढतें. सर्व पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं ती ओढ संपते, उलट आंतलें पाणी कणांना दूर लोटूं लागतें. मुरूम व माती यांनाहि हाच नियम लागू आहे. जूनच्या पहिल्या सरींत टिकलेली दरड जुलैअखेर, जमीन तुडुंब भिजल्यावर कां कोसळते, याचें उत्तर त्या वाळूच्या बुरुजांत आहे.

आमच्या डोंगरांचें दुसरें वैगुण्य याहून मोठें आहे. ग्रॅनाइटाच्या डोंगरांत माती दहा-वीस मीटर खोल आहे, म्हणून घळ खोल जाते. आमच्या उतारांवर मातीची जाडी बहुतेक ठिकाणीं वीतभर, फार तर हातभर. खालीं मुरूम, त्याखालीं कातळ. त्यामुळें आमची घळ थोडी खोल जाऊन कातळास टेकते आणि मग रुंदीकडे वळते. ती दिसावयास भयंकर नसते, म्हणून तिची कोणी दखल घेत नाहीं. पण जी वीतभर माती गेली तीच त्या उताराची सगळी पुंजी होती. श्रीमंताच्या घरीं चोरी झाली तर गाजावाजा होतो. गरिबाची एकुलती एक घागर गेली तर कोणास कळत नाहीं, परंतु त्याच्या घरीं पाणी भरावयास मागें कांहीं उरत नाहीं. आमच्या डोंगरांचें असें आहे.

खारट मातीचा निराळा न्याय

आमच्या अमरकोशांत मातीचे भेद मोठ्या बारकाईनें नोंदले आहेत. चांगली माती ती मृत्स्ना, सर्व पिकें देणारी जमीन ती उर्वरा आणि क्षारयुक्त माती तो ऊष. शेवटला भेद आपल्या विषयास फार महत्त्वाचा आहे. मातींत सोडियम हें द्रव्य अधिक असलें म्हणजे चिकणमातीचे कण एकमेकांस धरण्याऐवजीं पाण्यांत एकमेकांपासून सुटतात आणि दुधासारखे पसरतात. अशी माती चिकण असूनहि पाण्यापुढें टिकत नाहीं. कणीकच पिठीसारखी वागूं लागते. विदर्भांतील पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांचा भाग, या दोषाचें प्रसिद्ध उदाहरण आहे.

पालघरच्या डोंगरमातींतून भरपूर पावसानें क्षार केव्हांच धुऊन गेले आहेत. तेथें हा दोष सहसा नाहीं. परंतु तारापूर-चिंचणीपासून सातपाटी-केळव्यापर्यंतच्या खाडीकांठच्या खाजणांत समुद्राच्या मिठाचा संबंध येतो. तेथील माती उचलून बांध घातला आणि त्यावर खेकड्यांनीं बिळें केलीं, तर त्या बिळांतून शिरलेलें पाणी बांध आंतून पोखरतें. एकाच तालुक्यांत डोंगरावर एक न्याय आणि खाडीवर दुसरा, असा हा प्रकार आहे.

घरीं करण्यासारखा एक प्रयोग

मातीचा हा स्वभाव ओळखण्यासाठीं प्रयोगशाळाच पाहिजे असें नाहीं. एमर्सन नांवाच्या ऑस्ट्रेलियांतील संशोधकानें १९६७ सालीं ढेकळाची एक साधी परीक्षा प्रसिद्ध केली. ती घरांतील मुलांनीं सुटींत अवश्य करावी. तीन कांचेचे पेले घ्यावे. त्यांत स्वच्छ पावसाचें किंवा बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणी भरावें. नळाच्या अथवा विहिरीच्या पाण्यांत क्षार असतात, त्यानें परीक्षा चुकते. मग एका पेल्यांत झाडाखालच्या जमिनीचें, दुसऱ्यांत उघड्या उतारावरचें व तिसऱ्यांत खाजणांतलें, असें हरभऱ्याएवढें सुकलेलें ढेकूळ हलकेंच सोडावें आणि पेला न हालवितां दोन तास पाहात राहावें.

तीन गोष्टींपैकीं एक घडेल. ढेकूळ जसेंच्या तसें राहिलें तर त्याचा बंध बळकट आहे. तें फुटून तुकड्यांची रास झाली पण पाणी स्वच्छ राहिलें, तर माती भिजतांच ढासळणारी आहे. तिला वर पाला-गवताचें पांघरूण हवें. ढेकळाभोंवतीं दुधट वलय उठलें व तें पसरत गेलें, तर ती माती पाण्यांत सुटणारी आहे. तिचा बांध घालूं नये व तीवर पाणी सांचूं देऊं नये. झाडाखालचें आणि उघड्यावरचें ढेकूळ एकाच डोंगराचें असूनहि निराळें वागलेलें बहुधा दिसेल. तें पाहिल्यावर पाल्याचें आणि मुळांचें मोल मुलांना निराळें सांगावें लागणार नाहीं.

घळ डोंगरांत, गाळ आपल्या घागरींत

कोणी म्हणेल, डोंगर जव्हार-विक्रमगडचे, आम्ही राहणार पालघर-बोईसरांत. आम्हांस त्याचें काय? त्यास उत्तर असें. सूर्या नदी त्याच डोंगरांतून येते. तिच्यावर धामणीचें धरण आहे, खालीं कवडासचा बंधारा आहे, आणि पालघर, बोईसर-तारापूर, वसई-विरार या गांवांच्या तोंडीं पडणारें पाणी तिचें आहे. डोंगरांतून निघालेली माती वाहत्या पाण्याबरोबर धरणांत उतरते. तेथें पाणी थबकतें आणि माती बसते. जितकी माती बसली तितकी पाण्याची जागा गेली, आणि गेलेली जागा परत मिळविणें फार खर्चाचें. वरकस जमिनीवर नागली-वरई पिकविणाऱ्या वारली, कोकणा व कोळी बांधवांचें पोट तर त्या वीतभर मातीवरच आहे.

हिंदुस्थानांत दर हेक्टरीं दर वर्षीं सरासरी १६.३५ टन माती जागची हालते, असा हिशेब १९८३ सालीं शास्त्रज्ञांनीं मांडला. एका हेक्टरावरील एक मिलिमीटर माती म्हणजे सुमारें तेरा-चौदा टन. म्हणजे वर्षास मिलिमीटरहून थोडी अधिक. वीस-बावीस वर्षांत एक इंच. उलट कातळापासून एक इंच माती तयार होण्यास शतकें लागतात. ज्या घरांत वर्षाचा खर्च उत्पन्नाच्या कित्येक पट आहे, त्या घराचें पुढें काय होणार, हें संसारी वाचकांस सांगावयास नको.

अलीकडे यांत एक नवें कारण मिळालें आहे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगति रेल्वे, मुंबई-वडोदरा महामार्ग, वाढवण बंदर (त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली), शिवाय वाढत्या वसाहती, या सर्वांमुळें जिल्ह्यांत बांधकाम जोरांत आहे. बांधकामास भराव लागतो आणि भरावास मुरूम. लोकांस रस्ते नकोत, घरें नकोत, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु मुरूम काढतांना टेकडीचा पायथा उभा कापला म्हणजे आपण आपल्या हातानेंच घळीची पहिली पायरी घडवीत असतों. पुढचें काम पाऊस करतो, आणि बोल पावसास लागतो.

उपाय मातीस विचारून

घळ बंद करण्याचे उपाय नवे नाहींत. 'माथा ते पायथा' हें सूत्र आतां सर्वत्र ऐकूं येतें. मात्र सूत्र पाठ करून भागत नाहीं. माती पाहून तें वापरावें लागतें.

(१) घळीचा रोग तिच्या तोंडाशीं असतो. पुष्कळ लोक घळीच्या खालच्या टोकास मोठा बांध घालतात आणि वर पाणी तसेंच पडूं देतात. आधीं वरचें पाणी आडव्या चरानें बाजूस नेऊन गवताळ, पक्क्या वाटेनें उतरवावें. मग घळींत ठिकठिकाणीं अनघड दगडांचे लहान बांध घालावे. त्यांतून पाणी गाळून जातें व माती मागें बसते. एक मोठा बांध फुटतो. दहा लहान बांध टिकतात. चीनमध्येंहि अनुभवानें हाच क्रम ठरला आहे : वर पाणी वळवावें, खालीं गाळ रोखावा, मधल्या उताराचा उभेपणा कमी करून तेथें झाडोरा लावावा.

(२) जेथें माती पाझरणारी आणि खालचा खडक भेगाळ पण घट्ट आहे, तेथें समपातळीवरचे चर फार हितकारक. परंतु जेथें उतार फार उभा, माती खोल कुजलेली व जमिनीस भेगा पडलेल्या, तेथें चरांत पाणी कोंडूं नये. तेथें पाणी जिरविण्यापेक्षां तें सुखरूप बाहेर काढणें श्रेयस्कर. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळून दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. दरड आणि घळ या गोष्टी एक नव्हत. पण पाण्यानें तुडुंब भरलेल्या कुजक्या डोंगराचें बळ संपतें, हा नियम दोहींकडे एकच आहे.

(३) दगडाचा बांध वर्षांनीं झिजतो. मूळ वर्षांनीं वाढतें. वाळ्याचीं मुळें दोन-तीन मीटर सरळ खोल जातात व मातीस शिवण घालावी तशी शिवतात. त्याच्या आडव्या ओळी, घळीच्या कांठानें बांबू, करवंद, निर्गुडी, असा स्थानिक झाडोरा उत्तम. बायफ या संस्थेनें १९८२ सालीं गुजरातेंतील वांसदा भागांत सुरू केलेली 'वाडी'ची पद्धति, म्हणजे उतारावर बांधबंदिस्ती करून आंबा-काजू लावण्याची, पुढें जव्हार भागांतहि आली. तीमध्यें मातीस मूळ मिळतें आणि कुटुंबास फळ. ज्या उपायांत माणसाचें पोट भरतें तो उपाय टिकतो.

(४) ज्यांना डोंगराच्या पायथ्याशीं घर किंवा वाडी घ्यावयाची असेल त्यांनीं ती उन्हाळ्यांत पसंत करून पावसाळ्यांत पुन्हा पाहावी. वरच्या उतारावर ताजी तांबडी कड दिसते काय, झाडें कललेलीं आहेत काय, आडव्या भेगा आहेत काय, ओहोळाचें पाणी एकाएकीं गढूळ होतें काय, हें विचारावें. आणि कागदपत्रांइतकेंच लक्ष त्या मुरुमाच्या दरडीकडे द्यावें. दरड कापलीच असेल तर तिचा उभेपणा मोडून पायऱ्या कराव्या, माथ्यावर चर घालून पाणी वळवावें आणि भिंत बांधली तर तींत पाणी निघून जाण्यास भोंकें ठेवावीं. भोंकें नसलेली भिंत मातीस अडवीत नाहीं, पाण्यास अडविते. आणि मग पाणी भिंतीस पाडतें.

या सर्वांस विद्वत्ता थोडी आणि लक्ष फार लागतें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूगर्भांतील पाणी शोधण्याविषयीं एक संबंध अध्याय आहे. त्यांत मातीचा रंग, वारुळें, झाडें यांवरून जमिनीचें अंतरंग ओळखण्याच्या खुणा सांगितल्या आहेत. त्यांतील प्रत्येक खूण आज खरी ठरेल असें नाहीं. परंतु पायाखालच्या मातीकडे पाहून तिला प्रश्न विचारण्याची जी संवय त्या ग्रंथांत दिसते, ती मात्र आजहि घेण्यासारखी आहे. आमच्या घरांतील मुलें दूरच्या ग्रहांचीं नांवें घडाघडा सांगतात; आपल्या दारांतली माती पाण्यांत टाकली तर काय होईल, हें त्यांपैकीं किती जणांस सांगतां येईल? येत्या पावसाळ्यापूर्वीं तीन पेले आणि तीन ढेकळें घेऊन घरांतील सर्व लहानथोरांनीं एक दुपार बसावें. आणि पावसाळा संपल्यावर पालघराकडे जाण्याचा प्रसंग आला तर खिडकीशीं बसून त्या तांबड्या ओरखड्यांपैकीं एखादा नीट लक्षांत ठेवावा. पुढच्या वर्षीं तो किती वर सरकला, हें तेव्हांच कळेल.